येळवस कशी करावी : आंबील लावण्यापासून चर शिंपण्यापर्यंत

लातूर, धाराशिवकडे वर्षातला सगळ्यात मोठा सण कोणता असं विचारलं तर कितीतरी लोक दिवाळीच्या आधी येळवसाचं नाव घेतात. मार्गशीर्ष महिन्यातली ही वेळ अमावस्या. औसा, निलंगा, उदगीर, उमरगा या पट्ट्यात, शेजारच्या सोलापूरच्या काही भागात आणि पलीकडे बीदर-कलबुर्गीकडे ती जिवाभावाने केली जाते. त्या दिवशी लातूरच्या बाजारपेठेत शुकशुकाट असतो, कारण सगळं गाव शिवारात गेलेलं असतं. जिल्हाधिकारी बहुतेक वर्षी या दिवशी स्थानिक सुट्टी देतात, म्हणून नोकरदारांनाही रानात जाता येतं.

अलीकडे पुण्या-मुंबईत राहणारी, शेत बटईने दिलेली किंवा सासू-सासऱ्यांनंतर पहिल्यांदाच सगळं अंगावर पडलेली घरं विचारतात, की नेमकं करायचं काय आणि कशानंतर काय? हा लेख त्यांच्यासाठी आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. येळवस ही सहल नाही. आधी काळ्या आईला जेवू घालायचं, मग पाहुण्याला आणि शेवटी आपण बसायचं. हा क्रम सांभाळला तर स्वयंपाकात चार पदार्थ कमी झाले तरी सण पुरा होतो.

तारीख आणि रानाची अवस्था

मार्गशीर्ष अमावस्या २०२४ मध्ये ३० डिसेंबरला होती, २०२५ मध्ये १९ डिसेंबरला. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आल्याने पुढचे सण लांबले, त्यामुळे त्या शकातली येळवस २०२७ च्या जानेवारीत, ७ तारखेला येते. कॅलेंडरात फक्त तारीख बघून थांबू नका, त्यावर तुमचा स्वयंपाकही ठरतो.

येळवस डिसेंबरच्या मध्यावर आली तर तुरीच्या शेंगा हिरव्या, दाण्याने भरलेल्या असतात आणि हरभरा नुसता फुलावर असतो. जानेवारीत आली तर तूर वाळायला लागलेली किंवा काढून झालेली असते, पण हरभऱ्याचे घाटे भरतात, ढाळे खायला मिळतात. म्हणून भज्जीत, म्हणजे येळवसाच्या हिरव्या दाण्या-पाल्याच्या भाजीत, दरवर्षी तेच दाणे पडतील असं धरून चालू नका. रानात जे हिरवं आहे ते भज्जीत जातं. जानेवारीतल्या येळवसाला हिरव्या तुरीचा हट्ट असेल तर डिसेंबरातच शेंगा सोलून दाणे फ्रीजरमध्ये ठेवावे लागतात. मला विचाराल तर तो हट्ट धरू नये. त्या वर्षी सोलाणे, म्हणजे हरभऱ्याचे हिरवे दाणे, वाढवावेत.

आठवडाभर आधी

पहिलं काम ताकाचं. पंचवीस माणसांच्या आंबिलीला पाचेक लिटर ताक लागतं आणि आदल्या दिवशी गावात ते मागून मिळत नाही, कारण प्रत्येक घरी तीच गरज असते. घरी दुभतं असेल तर विरजण वाढवत न्या. नसेल तर ज्यांच्याकडे म्हैस आहे त्यांना आठवड्याआधीच सांगून ठेवा.

दुसरं काम गव्हाचं. खिरीला खपली गहूच घ्या. तो पाण्याचा हात लावून तासभर दडपून ठेवायचा, उखळात सडायचा, कोंडा पाखडून काढायचा आणि उन्हात वाळवायचा. उखळ नसेल तर मिक्सरवर थांबत थांबत फिरवून सालपट सुटतं, पण दाणा फुटू देऊ नका. हल्ली सडलेला खपली बाजारात तयार मिळतो, तो आणला तरी चालतो.

तिसरं काम कडब्याचं, आणि इथे बऱ्याच घरांची पंचाईत होते. आपल्याकडे खरिपात सोयाबीन आल्यापासून ज्वारीचा पेरा घटला. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, अजून रानात उभा असतो, त्यामुळे कोपीपुरत्या, म्हणजे पूजेसाठी रानात उभारायच्या कडब्याच्या खोपीपुरत्या, पेंढ्या मागच्या वर्षीच्या गंजीतून काढून ठेवाव्या लागतात. पाच पेंढ्या कोपीला आणि दोन संध्याकाळसाठी लागतात. आधीच मागून ठेवा.

फवारणीची चौकशी

हा भाग कुणी लिहीत नाही, म्हणून जरा थांबून सांगते. येळवसाच्या सुमारालाच हरभऱ्यावर आणि तुरीवर घाटेअळी पडते आणि फवारणी चालू असते. पोरं रानात गेली की पहिल्यांदा ढाळे उपटतात आणि तिथेच बांधावर बसून खातात. हरभऱ्याच्या पानावर आंब असते, ती चाटायची पोरांना भारी हौस. परवा फवारलेल्या प्लॉटमध्ये हे होता कामा नये.

रान कसणाऱ्याला आठवडाभर आधी विचारा, की कोणत्या तुकड्यात काय फवारलं आणि कधी. औषधाच्या डब्यावर फवारणीनंतर किती दिवस पीक काढू नये ते छापलेलं असतं, तो आकडा बघा. शक्य असेल तर घरच्या खाण्यासाठी म्हणून बांधालगतच्या दोन ओळी न फवारता सोडायला सांगा. ज्या तुकड्यात फवारलंय तिथे काठीला लाल फडकं बांधा आणि पोरांना गाडीतून उतरायच्या आधीच सांगा. भज्जीचा पाला आणि शेंगाही न फवारलेल्या ओळीतल्याच घ्या. आणि औषधाचा रिकामा कॅन कितीही धुतला तरी त्यातून पाणी न्यायचं नाही.

दोन दिवस आधी आंबील लावा

येळवसाचा जीव आंबिलीत आहे. ती ऐनवेळी ताकात पीठ ढवळून केली तर कोणीही पहिल्या घोटात ओळखतो.

पंचवीस जणांसाठी अर्धा किलो ज्वारीचं पीठ घ्या. ते थंड पाण्यात गुठळी न राहता कालवा. पाच लिटर पाण्याला उकळी आणून त्यात कालवलेलं पीठ धार धरून सोडा आणि ढवळत राहा. पंधरा-वीस मिनिटांत कच्चा वास जातो आणि वर चकाकी येते. मग आच बंद करून पूर्ण गार होऊ द्या. कोमट असताना ताक घातलं तर ते फाटतं, आणि फाटलेली आंबील पुन्हा जुळत नाही. गार झाल्यावर दोन लिटर आंबट ताक घालून मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात झाकून ठेवा. थंडी कडक असेल तर दोन रात्री लागतात, ढगाळ हवा असेल तर एक पुरते. भांड्याला घोंगडीत किंवा पोत्यात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवलं की चांगली आंबते.

येळवसाच्या पहाटे उरलेलं तीन लिटर ताक घाला. दोन गड्डे लसूण, दहा-बारा हिरव्या मिरच्या, बोटभर आलं आणि दोन चमचे जिरं पाट्यावर वाटून त्यात मिसळा. मीठ, कोथिंबीर. काही घरी फोडणी देतात, काही घरी देत नाहीत. न दिलेली अंगाला हलकी लागते, असं माझं मत. दाटपणा ताकापेक्षा जरा जास्त, पण तांब्याने पिता आली पाहिजे.

रानात आंबील नेतात ती बिंदग्यात, म्हणजे लहान घागरीत. मातीचं नवं बिंदगं असेल तर आदल्या दिवशी पाण्यात भिजवून ठेवा, नाहीतर ते आंबील पितं. पितळी असेल तर आतली कल्हई बघून घ्या. कल्हई उडालेल्या पितळेत किंवा तांब्यात आंबट ताक ठेवलं तर ते कळकतं आणि पोटाला बाधतं. शंका वाटली तर पूजेपुरती आंबील मातीच्या बिंदग्यात घ्या आणि बाकीची स्टीलच्या डब्यात न्या. ॲल्युमिनियमचं पातेलंही नको.

आदली रात्र

शेंगा सोलणं हे सगळ्यात वेळखाऊ काम. किलोभर तुरीचे दाणे निघायला अडीच-तीन किलो शेंगा लागतात. शिवाय वाल, वाटाणा, हरभरा. आपल्याकडे हे काम जावा-नणंदांवर पडतं आणि त्याच बायका पुन्हा पहाटे तीनला चुलीपुढे बसतात. पुरुष मंडळी सकाळी आंघोळ करून तयार गाडीत बसतात. हे बदललं पाहिजे. संध्याकाळी जेवणं झाली की परात मधे ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाने, आजोबांपासून पोरांपर्यंत, शेंगा सोलायला बसावं. भाजी निवडणं, लसूण सोलणं, गूळ फोडणं हेही त्यातच उरकतं. मग पहाटेच्या बाईला निदान चार तास झोप मिळते.

खिरीचे गहू रात्रीच भिजत घाला.

भज्जी

हिला बाहेरगावचे लोक मिसळ भाजी म्हणतात, पण ती नुसती भाज्या एकत्र केलेली भाजी नव्हे. दाणे, पाला, पीठ आणि आंबट या चारांचं माप जमलं तरच ती भज्जी.

पंचवीस माणसांना साधारण असं घ्या : तुरीचे दाणे एक किलो, सोलाणे, वाटाणे आणि वाल मिळून दीड किलो, भिजवलेले शेंगदाणे अर्धा किलो, पालक, मेथी, चुका, हरभऱ्याचा कोवळा पाला आणि कांद्याची पात मिळून दोन किलो, चार-पाच वांगी, पावशेर गाजर, आवडत असतील तर मूठभर बोरं. डाळीचं पीठ पाऊण किलो. चिंच एक मोठी मूठ. हिरव्या मिरच्यांचा ठेचा आणि लसूण सढळ हाताने.

आधी दाणे आणि शेंगदाणे मीठ घालून शिजवा. बोटाने दाबले की चेपतील पण अख्खे राहतील इतपतच. पाला त्यानंतर टाका, वांगी-गाजर त्याच्याबरोबर. आधीच पाला घातला तर दाणे शिजेपर्यंत त्याचा लगदा होतो. पाला बसला की चिंचेचा कोळ घाला. दाणे शिजायच्या आधी चिंच घालू नका, आंबटात दाणा शिजत नाही. मग डाळीचं पीठ गार पाण्यात पातळ कालवून एका हाताने ओता आणि दुसऱ्या हाताने डाव फिरवत राहा. इथून पुढे आच मंद ठेवा, कारण पीठ बुडाला धरतं आणि करपट वास सगळ्या पातेल्याला लागतो. अर्धा तास रटरटू द्या. शेवटी वेगळ्या कढईत भरपूर तेलात जिरं, ठेचलेला लसूण आणि ठेचा परतून ती फोडणी वरून ओता. लाल तिखट घालू नका. भज्जीचा रंग हिरवट-पिवळाच हवा.

गरम असताना ती पातळ दिसते. रानात पोचेपर्यंत आळते. म्हणून चुलीवरून उतरवताना तुम्हाला जेवढी दाट हवी त्याहून बरीच सैल ठेवा.

उंडे, खीर आणि बाकीचं

उंडे बाजरीचे, म्हणजे आपल्या सजगुऱ्याचे. काही घरी ज्वारीचेही करतात. दीड किलो पिठात मीठ आणि मूठभर तीळ घाला आणि उकळतं पाणी थोडं थोडं घालत उलथन्याने कालवा. हाताला सोसेल इतकं झालं की तळव्याने रगडून मळा. बाजरीला चिकटपणा नसतो, त्यामुळे पाणी गार असेल तर उंडा वाफेत तडकतो. लिंबापेक्षा मोठे गोळे वळून चाळणीत ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं वाफवा. सुरी टोचून कोरडी निघाली की झाले. चिरा पडल्या असतील तर पुढच्या घाण्याच्या पिठाला पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. उंडा भज्जीत कुस्करून खायचा असतो, वरून कच्चं तेल किंवा तूप घालून.

खिरीला सव्वा किलो खपली कुकरमध्ये मऊ शिजवून घ्या, मग तितकाच गूळ, सुंठ, वेलची, बडीशेप आणि किसलेलं खोबरं घालून उकळा. दूध पातेल्यात घालू नका, गुळाने फाटतं. वाढताना पानातल्या खिरीवर गार दूध घ्यावं.

याशिवाय तिळाच्या पोळ्या, शेंगदाण्याच्या पोळ्या, धपाटे, ज्वारीच्या कडक भाकरी. पोळ्या आदल्या दिवशी केल्या तरी टिकतात. माणसं कमी असतील तर यांतलं एखादंच करा. आंबील, भज्जी, उंडे आणि खीर मात्र सोडू नका.

रानात : कोप आणि पांडव

घरातल्या एका-दोघांनी सकाळी लवकर पुढे जाऊन जागा तयार करावी. आंब्याची, चिंचेची सावली असेल तर उत्तम. पण झाडावर मधमाश्यांचं पोळं नाही ना, हे मान वर करून नीट बघा. चुलीच्या धुराने माश्या उठल्या की पळायला जागा नसते. वरून विजेच्या तारा जात असतील ती जागाही सोडा.

पाच पेंढ्यांचे शेंडे वर एकत्र बांधून बुडखे गोल पसरा, तोंड पूर्वेला ठेवा. आत हात फिरेल इतकी पोकळी हवी. जमीन शेणाने सारवा. वरून शाल, नवी साडी किंवा घोंगडी पांघरा. आत पाच दगड मांडायचे, ते पांडव. दगड धुऊन त्यांना चुना लावा आणि कुंकवाचं बोट ओढा. काही घरी पाचांबरोबर लक्ष्मी म्हणून आणखी एक दगड मांडतात. आपल्या घरचा रिवाज काय, ते थोरल्या माणसाला विचारा आणि तसंच करा.

पूजा साधी आहे, भटजी लागत नाही. हळद-कुंकू, पान-सुपारी, फुलं, लक्ष्मीची खणा-नारळाने ओटी. पांडवांपुढे आंबिलीचं बिंदगं ठेवा. पाच नैवेद्य काढा आणि प्रत्येकात उंडा, भज्जी, खीर, पोळी ठेवा. वर आंबिलीची धार. उदबत्ती, कापूर, नारळ.

पूजेला कोणी बसायचं? शेत बटईने दिलं असेल तर वर्षभर ज्याने त्या मातीत घाम गाळला, त्या जोडप्याचा मान पहिला. सातबाऱ्यावर नाव तुमचं असेल, पण पीक त्यांच्या हाताने आलेलं आहे. त्यांना पुढे बसवा आणि तुम्ही मागे हात जोडून उभे राहा. मोठ्या शहरातून आलेल्या मालकांनी हे आवर्जून करावं. सालगडी, रानात खुरपायला येणाऱ्या बाया, सगळ्यांना चार दिवस आधी घरी जाऊन आमंत्रण द्यावं. फोनवर नको.

चर शिंपणे

आरती झाली की लगेच पंगत मांडायची नाही. बिंदग्यातली आंबील आणि नैवेद्यातलं थोडं थोडं एका भांड्यात कालवून घ्यायचं, आणि घरातल्या कर्त्या माणसाने ते घेऊन पिकाला फेरी घालायची. मूठभर इकडे, मूठभर तिकडे, डहाळीने आंबिलीचा शिंतोडा. मागून पोरं ओरडत जातात, ‘ओलगे ओलगे, सालम पलगे’. गावागणिक बोल थोडे बदलतात, तुमच्या आजीने जसे म्हटले तसेच म्हणा. बांधाने चाला आणि चारही कोपऱ्यांना थांबा. शाळू पोटऱ्यात असतो, त्याच्या ओळीत शिरून ताटं मोडू नका. विहीर असेल तर तिलाही नैवेद्य दाखवा, पण पोरांना कठड्यापासून लांब ठेवा. बैलांना उंडा द्या.

दोन एकराला ही फेरी अर्ध्या तासात होते. मोठं रान असेल तर निदान जिथे कोप आहे तो तुकडा पुरा करा. भूक लागलीय म्हणून चर शिंपायचं राहिलं, तर येळवस झाली असं मी तरी म्हणणार नाही.

पंगत

आता जेवायचं, आणि एकट्याने नाही. रस्त्याने जाणारा कोणीही असो, ओळखीचा असो वा नसो, कोणत्याही जातिधर्माचा असो, त्याला हाक मारून बोलवायचं. ज्यांना शेती नाही अशी शहरातली कुटुंबं तर हक्काने कोणाच्या तरी रानात जातात. अशा घरी आमंत्रण मिळालं तर दोन शेतांवर थोडं थोडं खाण्याची तयारी ठेवा, कारण शेजारचा शेतकरी सोडणार नाही. जाताना मिठाईच्या बॉक्सपेक्षा नारळ आणि पोरांसाठी ऊस न्या.

पत्रावळी पळसाच्या मिळाल्या तर बघा. थर्माकोलची ताटं आणि प्लॅस्टिकचे ग्लास त्याच काळ्या आईच्या अंगावर पडून राहतात जिची आपण तासाभरापूर्वी पूजा केली. स्टीलचे तांबे-वाट्या घरून नेणं जरा जड होतं, पण शक्य आहे. पिण्याचं पाणी पंचवीस जणांना दोन मोठे जार तरी हवं.

दुपारी झोके बांधा, बोरं पाडा, म्हाताऱ्यांना आंब्याखाली पडू द्या.

संध्याकाळ

दिवस कलला की कोपीपुढे चूल मांडून नव्या बोळक्यात दूध उतू घालतात. ते ज्या अंगाने उतू जाईल त्यावरून जाणती माणसं पुढच्या सालाबद्दल बोलतात. त्यानंतर कडब्याची पेंढी पेटवून पिकाभोवती फिरवतात. तिला काही गावांत हेंडगा म्हणतात. इथे एक मोठा माणूस नेमून द्या आणि त्याच्याच हाती पेंढी राहू द्या. काढून ठेवलेली तूर, गंजी, वाळलेलं गवत जिथे असेल तिकडे जायचं नाही. वारा असेल तर फिरवणं सोडून जागेवरच पेटवून नमस्कार करा. मागून दुसऱ्याने पाण्याची कळशी घेऊन चालावं.

निघताना चुलीतल्या निखाऱ्यांवर पाणी ओता आणि वर माती लोटा. पांडवांचे दगड बांधावर ठेवा, पुढच्या वर्षी तेच धुऊन घेता येतात. कोपीचा कडबा सोडून जनावरांपुढे टाका. उरलेली आंबील ताक घातल्यानंतर फार टिकत नाही, ती रात्रीच संपवा. भज्जी मात्र दुसऱ्या दिवशी मुरते. सकाळी थोडं पाणी घालून गरम करा, शिळ्या उंड्यांचे काप तव्यावर तेलात खरपूस भाजा आणि आदल्या दिवशी ज्यांना येता आलं नाही त्यांच्या घरी डबा पोचवा.